कव्हराखालचा बैल

अन्याय झाला तो अकोल्याच्या एका पेंटरवर. एकोणीसशे एकोणसत्तर, दिवाळीआधीचा सोमवार, दुपारी दोन ते पाच. जागा, रेकॉर्ड विकणाऱ्या शेठच्या दुकानामागचं गोदाम. इतकं नेमकं सांगता येतं, कारण मी तिथं हजर होतो.

आम्ही चौघं अमरावतीच्या कॉलेजातले. एकाकडे इलेक्ट्रिक गिटार, एकाकडे हार्मोनियम, एकाकडे ढोलकी, आणि शब्द माझे. पत्रकं लिहून लिहून हात तयार झालेला. गिटारवाल्यानं मुंबईला आत्याकडे अशा इंग्रजी रेकॉर्डी ऐकल्या होत्या, की दोन्ही बाजूंना मिळून एकच गोष्ट चालते, गाणं गाण्यात शिरतं, मध्ये टाळ्यांना जागाच नाही. आपणही तसं करू, म्हणाला. पण गोष्ट कोणाची?

गोष्ट पेंटरकाकांची होती. सिनेमाची पोस्टरं आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे हे काका मूळ हिवरखेडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. छप्पन्नला त्यांच्या घरानं दीक्षा घेतली. पुढच्याच उन्हाळ्यात एका मोठ्या शेतकऱ्याचा बैल मेला आणि ओढून न्यायला बोलावणं आलं. वडील म्हणाले, आता नाही ओढत. मग विहीर बंद, किराणा बंद, मजुरी बंद. बैल गावाच्या तोंडाशी सहा दिवस पडून. सतरा वर्षांचे काका अंगणातून पाहायचे आणि कोळशानं दाराच्या फळीवर तो बैल काढायचे, रोज थोडा जास्त फुगलेला. सातव्या दिवशी गावानंच दोर धरला.

हेच आमच्या रेकॉर्डवर आहे. पहिल्या बाजूच्या शेवटी शब्द नाहीत, नुसत्या माश्या. रेडिओ मेकॅनिककडचा फाटका स्पीकर जोडून गिटारमधून काढलेल्या. तालमीला काका समोर बसून ऐकायचे आणि मान हलवायचे. "अशा नाही बापा. जाड आवाज होता. पोटातून आल्यावानी." चार दिवस आम्ही माश्याच करत होतो.

कव्हर त्यांनीच रंगवलं. पुढच्या बाजूला बैल, एकटा, पाय ताठ. मागच्या बाजूला गाव, नाक धरून उभं. एरवी ते पाटीखाली आपलं नाव आणि पुढे 'अकोला' लिहायचे. इथं बैलाखालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव लिहिलं आणि पुढे त्या खेड्याचं नाव.

शेठनं चित्र न पाहताच रेकॉर्ड दुकानात ठेवायला हो म्हटलं होतं. बैल म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे पोळ्याचा बैल आला, झूल आणि रंगवलेली शिंगं. छापलेल्या कव्हरांचा गठ्ठा सोडल्यावर त्यांनी वरचं कव्हर उचलून उजेडात धरलं. मग म्हणाले, सणाच्या तोंडावर मेलेलं ढोर दुकानात कोण मांडेल? झाका, नाहीतर माल गोदामातच राहील. झाकायला त्यांच्याकडे कोण्या संत्राव्यापाऱ्याच्या कॅलेंडरची उरलेली चित्रं होती. मोर्शीकडची बाग, टोपली घेतलेली हसरी बाई.

"आतलं तर तसंच आहे ना, पोरहो," शेठ म्हणाले. "मी काय गाण्याले हात लावून राहिलो का?"

तिघं माझ्याकडे पाहू लागले. सभेत बोलायचो मी, घोषणा द्यायचो मी. मी हो म्हणालो. आधी लोकांच्या कानावर तर जाऊ दे, अशी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर पत्रकात मी त्याच्या चिंध्या केल्या असत्या.

खळही मीच शिजवली. मैदा, पाणी, आणि कसरीनं खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. दोन वाजता बसलो. ढोलकीवाला ब्रश फिरवायचा, मी बाई बसवून तळहातानं दाबायचो. मागच्या बाजूला शेठनं हात लावायला सांगितला नाही, त्यांना तिथं नुसतं गाव दिसलं. त्यामुळे आता ते अख्खं गाव संत्र्यांपायी नाक धरून उभं आहे.

साडेतीनच्या सुमाराला दारात पेंटरकाका आले. हातात जिलेबीचा पुडा. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं.

झाकलेली कव्हरं वाळत घातली होती, त्या ओळीच्या टोकापर्यंत ते गेले आणि परत आले. ढोलकीवाल्यानं बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मला वाटलं, आता शिवी येते. आली असती तर बरं झालं असतं.

"कोणं ठरवलं हे?"

"मी, काका."

"आमच्या घरात सहा दिवस कोणी हो म्हटलं नाही. तुले किती वेळ लागला बे?"

पाच मिनिटंही लागली नव्हती.

त्यांनी ढोलकीवाल्याच्या हातून ब्रश घेतला. फेकतील असं वाटलं. त्यांनी एक कव्हर ओढलं, चारी कडांना बोटभर खळ लावली, मधला भाग कोरडा ठेवला आणि बाई वर बसवली. "मधात नोको लावू. खळ खालचा रंग खाते. कडेलेच लाव." पुडा खोक्यावर ठेवून ते निघून गेले. पुढची सगळी कव्हरं आम्ही तशीच चिकटवली. आधीच्यांचं काही करता आलं नाही. जिलेबी कोणी खाल्ली नाही.

रेकॉर्ड खपते आहे. लोक विचारतात, यात संत्र्याचं गाणं कोणतं? काकांनी ती अजून ऐकलेली नाही. दोनदा मी भेटायला गेलो. दोन्ही वेळा ते शिडीवर होते, खाली पाहिलं नाही.

माफी मागायची ती मी त्यांच्या शिडीखाली उभं राहून मागीन. तुमच्याकडे काम दुसरं आहे. संत्र्याच्या बागेची ती रेकॉर्ड तुमच्या घरी असेल तर आज काढा. चारी कडांवर ओलं फडकं ठेवा, खळ भिजू द्या. घाई कराल तर कागद फाटेल. मग ती बाई टोपलीसकट उचला. खाली बैल आहे. कोपऱ्यात एका माणसाचं नाव आहे, एका खेड्याचं नाव आहे, ते मोठ्यानं वाचा. आणि कव्हर बैठकीत दर्शनी जागी मांडा. पाहुण्यानं नाक धरलं तरी हलवू नका.