वेळासच्या वाळूत उमटलेलं माझं पाऊल

मार्चमध्ये आईला समुद्र दाखवायचं ठरवलं आणि त्या दिवसापासून मलाच धास्ती लागली. आई उमरेडची. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे, समुद्र कधी पाहिलेला नाही. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी "जा, पण चालणं बेतानं," म्हणून परवानगी दिली. कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दिसतात म्हणून मी वेळास निवडलं. ती दिसतीलच असं मात्र कुणी सांगत नाही.

नागपूरहून पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी. ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड. पुण्यापासून सहा तास तरी धराच, शेवटचा रस्ता अरुंद आणि नुसत्या वळणांचा आहे. आईला दोनदा उलटी झाली.

"आई, परत फिरायचं का?"

"काहून परत? एवढं आलो तं आता पाहूनच जाऊ," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली.

राहायची सोय गावातल्या घरांतच होते, आधी फोन करून जा. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी होती. आई दोन घास जास्तच जेवली, तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या, पण खाली एकही पिल्लू नव्हतं. आमच्याकडे फक्त दुसरी सकाळ उरली होती.

सकाळी आई माझा दंड धरून वाळूतून सावकाश चालली. बायका ओल्या वाळूत शिंपल्या वेचत होत्या. त्यांतल्या एकीला आईनं "हे शिजवता कसं?" असं विचारलंसुद्धा. घरट्यांची राखण करणाऱ्या सुरेशदादांनी टोपली उचलली. अकरा पिल्लं!

पिल्लांच्या वाटेला दोन्ही बाजूंनी दोरी बांधली होती. सगळे तिकडे बघत असताना मी दोरीखालून आत शिरले, समुद्राच्या बाजूनं आईचा एक फोटो घेतला आणि परत आले. मग पिल्लं सोडली. दहा पुढे सरकली. अकरावं माझ्या पावलाच्या खड्ड्यात पडून उलटं झालं. वर घार फिरत होती. मी हात पुढे केला.

"ताई, हात नको!"

सुरेशदादा अनवाणी आले, पिल्लू अलगद सुलटं केलं, खड्ड्याची कड बोटांनी सपाट केली. "दोरी ह्यासाठीच असते," एवढंच म्हणाले. मला मान वर करवेना.

आई हळूच म्हणाली, "माह्या फोटोसाठी गेली होती ना वं तू?"

पहिल्या लाटेनं पिल्लू मागे फेकलं. दुसऱ्या लाटेनंही तेच. तिसऱ्या लाटेनंतर वाळू रिकामी होती.

नागपूरला आल्यावर आठवड्यानं मी सुरेशदादांना फोन केला. "ते शेवटचं पिल्लू नीट गेलं असेल ना हो?"

"पाण्यात गेल्यावरचं कुणालाच माहीत नसतं, ताई."

तुम्ही जाणार असाल तर अवश्य जा, आईवडलांना घेऊन जा, पण दोरीबाहेर उभे राहा. आईचा फोटो सुंदर आला आहे. समोरचा समुद्र बघत ती लहान मुलीसारखी हसते आहे. इथे टाकावा म्हणून मी तो तीनदा निवडला, आणि तिन्ही वेळा काढून टाकला.