फाटक लावून गेलेला चोर

तेलीबांध्याची ती चोरी आठवली की आजही मला हसू येतं. शहरातून अभनपूरकडे जाणारी रेल्वेची छोटी लाइन उखडली जात होती, तेव्हा मी तिथं ठाणेदार होतो. भंगाराचा ठेका घेतलेल्या शेठने तक्रार दिली की त्याच्या भंगाराच्या आवारातून स्टेशनची पितळी घंटा गेली. तीही भरदुपारी. चौकीदार जेवून परतला तेव्हा फाटक बंद, साखळी जागच्या जागी. "घर का ही आदमी है," म्हणत शेठने त्या चौकीदारालाच ठाण्यात ओढत आणलं होतं. बिचाऱ्याची नोकरी गेल्यातच जमा होती, वर कोठडीची भीती.

मला ती साखळी खटकत होती. घंटा उचलून पळणारा माणूस मागे वळून फाटक कशाला लावेल? एवढ्यात आमच्या खबऱ्याने, कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, की छोट्या लाइनीचा एक म्हातारा फाटकवाला तिथं घुटमळत असतो. माझी ट्यूब पेटली. त्या लाइनीवर फाटकवाला गाडीतूनच फिरायचा. रस्ता आला की गाडी थांबायची, हा उतरून फाटक लावायचा आणि गाडी पार झाली की ते होतं तसं करून धावत डब्यात चढायचा.

म्हातारा मूळचा विदर्भातला. ठाण्यात बोलावताच आढेवेढे न घेता कबूल झाला. चौकीदाराला मी तिथल्या तिथे सोडलं.

"चोरी करून फाटक काहून लावलं?" मी विचारलं.

"उघडं टाकून कसा जाऊ, साहेब? ढोरं घुसली असती ना."

"अन् घंटा काहून नेली?"

त्याची मान खाली गेली. "माही घरवाली, बुढी, कोणाले ओळखून नाही राहिली. जेवणच सोडलं तिनं. स्टेशनच्या क्वार्टरात होतो तवा गाडीची घंटा वाजली की मी आलो समजून ताट वाढे. आता वाजवतो त जेवते."

माल जप्त करायला त्याच्या घरी गेलो. ओळख पटवायला शेठ सोबत होता, तणतणत. "आधी वाजवून दाखव," मी म्हटलं. टोला पडला तशी म्हातारी भिंत धरून उठली आणि आम्हा सगळ्यांवर खेकसली, "इतका उशीर काहून केला? हात धुवा!" तिने शेठलाही वरणभात वाढला आणि स्वतःही आमच्यात बसून पोटभर जेवली.

जेवण झाल्यावर मी रीतसर विचारलं, "शेठ, हीच घंटा ना?"

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "नहीं साहब. मेरी वाली बड़ी थी."

लोकांचं खोटं पकडण्यात माझी सारी नोकरी गेली. कुठलं खोटं पकडायचं नसतं, ते मला त्या दुपारी कळलं. जबाब शब्दशः लिहून घेतला आणि खाली शेठची सही घेतली.