विहीणबाईंच्या कादंबरीतली ओहोटी

पाणी कमरेला लागलं तरी वही डोक्यावर धरून उभी राहणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि ती माझी विहीण. किनाऱ्यापासून शंभरेक पावलांवरच्या कातळावर त्या उभ्या, मी वाळूत उभी, आणि मध्ये सकाळी जी वाट होती तिच्यावर आता लाटा फुटत होत्या. "अहो विहीणबाई, वही टाका आणि दगड धरा!" मी ओरडले. तिकडून उत्तर आलं, "अकरावं प्रकरण आहे, टाकणार नाही!" सून संध्याकाळी कामावरून आली की तिला काय सांगू, तुझी आई अकराव्या प्रकरणात गेली म्हणून? चाळीस वर्षं मी मासे विकले आहेत. समुद्राने माणसं नेलेली पाहिली आहेत. तो कुणाच्या हातात काय आहे ते बघत नाही.

विहीणबाई चिपळूणच्या. जन्मभर शाळेत बाई होत्या. पुरात त्यांच्या घरात माडीपर्यंत पाणी चढलं आणि पुस्तकांचं कपाट गेलं. दुसरी कोणी रडत बसली असती. ह्या म्हणाल्या, "वाचायला काही उरलं नाही, आता लिहावंच लागणार." भिंतींची ओल जाईपर्यंत म्हणून लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आल्या आणि दहावी-बारावीच्या मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली. तिच्यात जादूही होती आणि खूनही होते. एकात भागलं असतं, पण त्यांचा हात सढळ. आमटीतही मीठ असंच पडायचं.

पडवीतल्या कपडे वाळवायच्या दोरीवर त्यांनी चिमटे लावले होते, एकेक चिमटा म्हणजे एकेक माणूस. पिवळा म्हणजे नायिका, हिरवा राजवैद्य, निळा खुनी. जो मेला त्याचा चिमटा डब्यात. एकदा मी चुकून दोन राजपुत्रांना माझं लुगडं लावलं तर दिवसभर बोलल्या नाहीत. प्रेत कसं पडतं ते बघायला अंगणात आडव्या झाल्या, तेव्हा पोस्टमन पत्र न देताच पळाला. बाजारात जाऊन त्यांनी विचारलं, "कुठला मासा खाल्ला की माणूस मरतो, पण लगेच नाही?" तेव्हापासून दोन कोळणी मला विचारतात, विहीण अजून गेली नाही का गं.

रोज चहाच्या वेळी मला वाचून दाखवायच्या. "तुम्ही चौथी शिकलात ना? उत्तम. तुम्हाला कळलं की सगळ्यांना कळेल." मी राग मानला नाही. आम्हाला चौथीपर्यंत जे शिकवलं ते पक्कं शिकवलं. शिवाय, खरं सांगायचं तर, कादंबरी चांगली होती. त्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीने मेलेल्याच्या कपाळाला हात लावला की त्याचा शेवटचा विचार तिला ऐकू येतो. राजवैद्याचा खून होतो, सगळ्यांना वाटतं आता खुन्याचं नाव कळणार, आणि तिला ऐकू येतं, "भाताला पाणी कमी पडलं." मी हसले, आणि मग मला भीती वाटली. माणूस मरताना असंच काहीतरी मनात येत असणार. आमचे हे जाताना पंख्याकडे बघत होते. काय मनात होतं ते मला कुणी सांगितलं नाही. मुलगीही खरी होती, चिडायची, खोटं बोलायची, आईला उलटून बोलायची. पण जिथे गोष्ट अडली तिथे जादू. कुलूप उघडत नाही, जादू. पहारेकरी हटत नाही, जादू. नावं अशी की उच्चारताना कवळी सुटेल. त्या मुलीचे गाल दर चार पानांनी लाल होतात, हे म्हणजे दुखणंच. आणि नवव्या प्रकरणात एका म्हाताऱ्या कोळणीला उगाच मारलेलं. मी सगळं तोंडावर सांगितलं. कोळणीबद्दल जरा जास्तच सांगितलं.

खरं भांडण झालं ते अकराव्यावर. अमावास्येला भर दुपारी बाराला पुरती ओहोटी असते, खुनी चालत कातळावर जातो आणि विषाची बाटली लपवून येतो.

"विहीणबाई, अमावास्येला बाराला ओहोटी कुठून आणलीत? तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तुमचा खुनी बुडून मरेल."

"जादूचं राज्य आहे ते."

"राज्य जादूचं असेल. समुद्र आपलाच आहे ना?"

"माडीपर्यंत पाणी पाहिलंय मी. मला पाणी शिकवू नका. पुराव्याशिवाय एक ओळ खोडणार नाही."

पुराचं पाणी एकदा येतं, उतरतं आणि जातं. समुद्राचं तसं नाही, ते रोज दोनदा येतं. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. पुढच्या अमावास्येला सकाळी दहाचा चहा गार झाला तरी त्या आल्या नाहीत. पडवीत पाहिलं तर दोरीवर निळा चिमटा नव्हता. खुन्याला घेऊन बाई पुरावा गोळा करायला गेल्या होत्या. मी चपला न घालता धावले.

शेजारचे इब्राहिमभाई वाळूत जाळं शिवत होते. ते म्हणाले, "भाभी, ती बाई तिथे काय करते?"

"खून."

"कुणाचा?"

"स्वतःचा होईलसं दिसतंय, होडी काढा!"

होडीत मीही चढले. कातळाजवळ लाटा अशा की होडी आपटून फुटली असती. इब्राहिमभाईंनी लांबूनच वल्हं पुढे केलं. "दोन्ही हातांनी धरा बाई!" विहीणबाईंचे दोन्ही हात वहीला. एक लाट छातीवरून गेली. त्या डळमळल्या, निळा चिमटा पदरावरून सुटला आणि पाण्यात दिसेनासा झाला. मला रडू येत होतं, आणि मला रडायला येत नाही, म्हणून मी ओरडले, "विहीणबाई, तुम्ही मेलात तर पुढचं मी लिहीन! चौथी पास!"

हे ऐकल्यावर त्यांनी वही दातांत धरली आणि दोन्ही हातांनी वल्हं पकडलं.

वाळूत बसल्यावर कितीतरी वेळ त्यांचे दात वाजत होते. मी त्यांचे हात चोळत होते. पहिलं वाक्य बोलल्या ते, "किती वाजले?"

"अकरा वाजून गेले," इब्राहिमभाई म्हणाले.

त्यांनी वही उघडून अकरावं प्रकरण काढलं. "म्हणजे अष्टमी घ्यावी लागणार."

"आठची पाऊणपट सहा," मी म्हटलं. "सहाला भरती, बाराला ओहोटी. घ्या अष्टमी."

आम्ही सुनेला काही सांगितलं नाही. इब्राहिमभाईंनी सांगितलं.

आता चिपळूणच्या भिंती सुकल्या. विहीणबाई परत गेल्या. कादंबरी पुरी झाली, अजून कुणी छापलेली नाही. जादू अजूनही जास्त आहे, हे मी कळवलं आहे. चहाला मी अजून दोन कप पाणी ठेवते आणि मग एक ओतून देते. पडवीतली दोरी मात्र त्यांनी लावली तशीच आहे, माझे कपडे मी मागे वाळत घालते. राजवैद्य मेला, दोन्ही राजपुत्र मेले, खुनी बुडाला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी डब्यातून एक तुटका लाल चिमटा काढून पिवळ्याशेजारी लावला. ती मुलगी वाचली, आणि म्हातारी कोळीण वाचली.