आई पडून होती, एवढंच लिही

ऑगस्ट १९९८ मधला दुसरा शनिवार, सकाळची वेळ, नाशिकरोड स्टेशन. माझ्याजवळ अकराशे डॉलरचे ट्रॅव्हलर्स चेक होते, बनियनला आतून शिवलेल्या खिशात, आणि वरखर्चाला चारशे रुपये. हजर होते आई, माझे वडील अण्णा, ताई, आत्या आणि मखमलाबादहून सगळ्यांना जीपमध्ये घालून आणणारा चुलतभाऊ. मी अमेरिकेत दवाखान्याचं व्यवस्थापन शिकायला निघालो होतो. आमच्या मळ्यातून तोवर सगळ्यात लांब गेलेली वस्तू म्हणजे दादरला जाणारे गुलाब.

आत्याने माझ्या हातात नारळ दिला, कुंकू लावलं, आणि ताईकडे बघत म्हणाली, "भाऊ उडाला, बहीण राहिली."

ताई म्हणाली, "आत्या, गाडी आली. आवर."

ताईचं ठरलेलं लग्न त्याच वर्षी मोडलं होतं, हे फलाटावरच्या सगळ्यांना माहीत होतं. ते माझ्या प्रवेशाच्या निबंधापायी मोडलं, हे घरातल्या आम्हा चौघांनाच. आता दहा वर्षं उलटून गेली आहेत आणि ताईच म्हणाली, लिहून टाक. म्हणून क्रमाने लिहितो. जे नाशकात राहिले त्यांना यातलं अर्धं ठाऊक आहे, जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना उरलेलं अर्धं.

बी.कॉम. होऊन मी नाशकातल्या एका खाजगी दवाखान्यात बिलं करायला होतो. तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडम इंग्लंडला शिकून आल्या होत्या. बिलांतली चूक सापडेपर्यंत मी सोडत नाही हे त्यांनी पाहिलं आणि परदेशातले अभ्यासक्रम माझ्या डोक्यात घातले. अर्जाबरोबर तीन निबंध मागितले होते. दोन सोपे होते. तिसऱ्यात विचारलं होतं की तुमच्यावर आलेल्या वैयक्तिक अडचणीबद्दल आणि तुम्ही तिच्यावर कशी मात केलीत याबद्दल लिहा. मर्यादा पाचशे शब्द.

मी एका बैठकीत लिहून काढला. माझे वडील अल्पभूधारक शेतकरी असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अमुक आहे, इथून सुरुवात, आणि वरील परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती, हा शेवट. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबाऱ्याचा उतारा, दोन्हींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का. मॅडमनी सातबारा उलटा-सुलटा करून पाहिला आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सुभाष, त्यांना तुझी जमीन विकत घ्यायची नाहीये रे."

मला राग आला होता. आमच्याकडे अडचण लिहायची एकच जागा माहीत होती, ती म्हणजे फीमाफीचा अर्ज. तिथे अडचण म्हणजे आकडा, आणि आकडा जितका लहान तितकी अडचण मोठी. मी विचारलं, मग काय लिहू? त्या म्हणाल्या, "जमीन कमी आहे ही तुझ्या वडिलांची अडचण. तुझ्यावर काय आलं?" तेव्हा मी उभ्या उभ्या त्यांना आईबद्दल सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा. मॅडम हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे लिही."

ती गोष्ट अशी. १९८८ साली आईला तिसरं मूल झालं आणि आठवड्यात गेलं. त्यानंतर आई उठली नाही. ताप नाही, खोकला नाही. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ताट समोर ठेवलं तर चार घास खायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. वर्षाहून जास्त काळ हे चाललं. मी चौदा वर्षांचा होतो, ताई सोळाची. ताईने शाळा सोडून स्वयंपाक, धुणं, आईला न्हाऊ घालणं सगळं उचललं. मी शाळेआधी अण्णांबरोबर फुलबाजारात जाऊ लागलो, कारण भाव आईला कळायचे, अण्णांना नाही. अण्णा भिडस्त. गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला झेंडू देऊन मोकळे.

यापेक्षा अवघड काम होतं खोटं सांभाळण्याचं. शेजारपाजारी आम्ही सांगत होतो की आई माहेरी दिंडोरीला गेली आहे. दिंडोरीला सांगत होतो की तिला कावीळ झाली आहे, डॉक्टरांनी कोणाला भेटू नका म्हटलंय. एकदा मामा न कळवता आला. शेजारच्या काकू नेमक्या ओट्यावर होत्या. त्यांनी मामालाच विचारलं, "काय हो, बहिणीला कधी पाठवताय?" मामा हुशार. म्हणाला, "पाठवू की. जरा माहेरचं खाऊ द्या तिला." मग आत आला आणि अण्णांसमोर मटकन खाली बसला. त्यानेच दुसऱ्या दिवशी आईला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी मी बाजारातून आलो तर आतून आवाज आला, "शेवंतीला काय लागलं आज?" ताईच्या हातातलं भगुणं खाली पडलं.

आई बरी झाली, पण गोळी कायमची राहिली. त्या दिवसांना आमच्या घरात नावसुद्धा नव्हतं. फार तर 'तेव्हा' म्हणायचो.

मॅडमच्या सांगण्यावरून मी नवा निबंध लिहिला. पण पाठवण्याआधी आईला वाचून दाखवायला हवा होता. ती अंगणात हार ओवत बसली होती, ताई दुसऱ्या टोकाला. मी इंग्रजीतून मराठी करत वाचत गेलो. माझी आई दिवसभर रडत असे, हे वाक्य आल्यावर तिने सुई थांबवली.

"मी कधी रडले रे? रडू आलं असतं तर लय बरं झालं असतं. मी नुसती पडून होते. तेवढंच लिही."

मी खोडलं. पुढे वाचलं की मी स्वयंपाक करून शाळेत जायचो.

"स्वयंपाक तू केला?" आता ताई बोलली. "तुला अजून भाताला पाणी किती ते कळत नाय, सुभ्या."

तेही खोडलं. शेवटी आलं, या अडचणीवर मी मात केली. आई म्हणाली, "तू कशावर मात केली? गोळ्यांनी बरी झाले मी." मी म्हणालो, "आई, त्यांनी तसंच विचारलंय." ती म्हणाली, "मग त्यांना सांग, पोराने भाव सांभाळला, पोरीने घर सांभाळलं, आन् डॉक्टरने मला. यात खोटं काय हाय?" मी तेच शेवटचं वाक्य केलं. मॅडम नंतर म्हणाल्या की त्या निबंधातलं तेवढंच चांगलं आहे.

पण आईचं संपलं नव्हतं. ताईचं लग्न ठरलेलं होतं. नाशिकरोडचं स्थळ, मुलगा सरकारी नोकरीत, दिवाळीनंतर साखरपुडा झालेला, मार्चमध्ये तारीख. ताई पंचविशीची होती आणि आमच्याकडे तेव्हा हा उशीर धरत. उशीर का झाला, तर ती घर सांभाळत होती म्हणून. त्या लोकांना आईच्या आजाराचं काहीच सांगितलेलं नव्हतं.

"कुठल्या कोण गोऱ्या माणसाला सांगायचं," आई म्हणाली, "आन् जिच्या घरात माझी पोरगी नांदायची तिला नाय? हे मला पटत नाय."

अण्णा घाबरले. "अगं, अमेरिकेतला कागद हाय. नाशिकरोडला कोण वाचतंय?"

"कोणी वाचणार नाय म्हणून लपवायचं, असं होय?"

मग सगळे ताईकडे बघायला लागले. तिने हाराची गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "सांग त्यांना. नंतर कळलं तर मला रोज ऐकावं लागंल. आता कळलं तर एकदाच."

आई आणि मी नाशिकरोडला गेलो. विहीणबाईंनी चहा केला. आईने कप हातात धरूनच सांगितलं, मी वर्षभर अंथरुणात होते, डोक्याचं दुखणं होतं, गोळी अजून चालू आहे, तुमच्यापासून लपवलं होतं ते आज सांगते. आणि आजच का, तेही सांगितलं. विहीणबाईंनी आपला कप बशीत ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, "त्या निबंधावर आडनाव असतं का?"

मी हो म्हणालो.

"आमचा पुतण्या न्यू जर्सीत आहे."

"काकू, त्या देशात पंचवीस कोटींच्या वर माणसं आहेत."

"असू देत. आपल्या माणसाला आपलंच माणूस सापडतं."

कळवतो म्हणाल्या. कळवलं नाही. आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. अर्जाची मुदत जवळ आली. अण्णा म्हणत होते, त्यांचा निरोप येईपर्यंत पाकीट पाठवू नको, नाहीतर मागे घ्यायला काही राहणार नाही. मला अण्णांचंही पटत होतं आणि मुदतही दिसत होती, म्हणून मी काहीच करत नव्हतो. ताईने पाकीट उचललं, सायकल काढली आणि कुरिअरवाल्याकडे देऊन आली. "सांगायचं ते सांगून झालंय," म्हणाली. "कागद कपाटात ठेवून ते परत पोटात जाणार हाय का?"

चार दिवसांनी मध्यस्थ आला. पत्रिकेत मंगळ निघाला म्हणाला. आई म्हणाली, "साखरपुड्याला नव्हता, मी चहा प्यायला गेले तेव्हा आला व्हय?" मध्यस्थ हसला नाही. आम्ही दिलेले कपडे त्याच्या पिशवीत होते. अण्णांनी त्यांची साडी आणि अंगठी आतून आणून दिली. ताईने दोन दिवस एकटीनेच फुलं तोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी फुलांच्या पाट्या भरताना मला म्हणाली, "आता प्रवेश नाय मिळाला तर बघ." हा विनोद होता की नाही, मला अजून कळलेलं नाही.

एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला, निम्मी फी माफ. निबंधामुळे की मार्कांमुळे, कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हाला गोल करून बसवलं आणि प्रत्येकाने स्वतःबद्दल काहीतरी सांगायचं होतं. एका मुलीने सांगितलं की तिला डिप्रेशन आहे आणि ती औषध घेते. पुढच्याने सांगितलं की त्याला सर्फिंग आवडतं. मध्ये कोणी थांबलं नाही. ज्या एका वाक्यासाठी माझ्या बहिणीचं लग्न मोडलं, ते इथे सर्फिंगच्या आधी बोलून झालं होतं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कोणतं जास्त ते सांगता येत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की आमची फुलांची शेती आहे.

आता मी ओहायोत एका हॉस्पिटलमध्ये इन्शुरन्सचे क्लेम बघतो. घर आहे, मॉर्गेज आहे, हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढावा लागतो. मानसिक आजारांसाठी बिलावर लिहायचे कोड नंबर आहेत, कोडप्रमाणे पैसे मिळतात. ज्याला आम्ही 'तेव्हा' म्हणायचो त्याचाही कोड मला पाठ आहे. तरी कोणी जेवणाच्या सुट्टीत आपली अडचण सांगू लागलं की माझा हात अजून पाण्याच्या ग्लासकडे जातो.

ताईचं लग्न २००० साली झालं. पाहुणे बघायला आले तेव्हा पोहे यायच्या आधीच आईने सगळं सांगून टाकलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते म्हणे. मुलगा म्हणाला, "माझे वडील पितात. तेही ऐकून घ्या, मग पोहे खाऊ." तेच आमचे दाजी. त्यांचं आणि ताईचं भांडण होतं, पण ते गॅस आणि गाडीवरून.

मागच्या हिवाळ्यात नाशिकला गेलो. मळ्याच्या दोन बाजूंना इमारती झाल्या आहेत, फुलं निम्म्या जागेत आहेत. मी लिस्टमध्ये घरासाठी काय काय आणायचं ते लिहून नेलं होतं, त्यातलं बहुतेक सगळं त्यांच्याकडे आधीच होतं. मिक्सरसुद्धा माझ्यापेक्षा भारी. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात एक अनोळखी तरुण बाई गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती. आई म्हणाली, "ही सुमन. पलीकडच्या बिल्डिंगमधली. हिला उठवत नाय, आन् घरात सांगवत नाय." मग कळलं की अशा बाया आईकडे अधूनमधून येतात. एकीने दुसरीला सांगितलेलं असतं.

आम्ही तिघं रिक्षाने डॉक्टरकडे गेलो. बाहेर पंधरा-वीस माणसं बसली होती, त्यातल्या दोघींनी आईला ओळखून नजर चुकवली. खिडकीतल्या मुलीने सुमनचं नाव लिहिलं आणि आईला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मी इथली जुनी पेशंट," आई म्हणाली. फुलबाजारात भाव सांगायची त्या आवाजात. "वीस वर्षं झाली."

चुकवलेल्या नजरा पुन्हा वर आल्या. सुमनने पहिल्यांदाच पाठ सरळ केली. मी पाकीट काढलं, तर आईने माझा हात बाजूला सारला.

"राहू दे. तू पाहुणा हायेस."

फी दोनशे रुपये होती. आईने कनवटीच्या पिशवीतून काढून खिडकीतल्या मुलीला दिली, आणि पावती घेऊन सुमनच्या हातात ठेवली.