हेमराजभाऊंचा गोप्या

आंजी गावच्या हेमराजभाऊंचं कापडाचं दुकान आहे. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मागच्या अंगणात जाऊन आदिमानव होतात. नदीतून आणलेल्या गारगोटीच्या कडेला दगडाचा तिरपा घाव घालायचा, कपच्या उडवायच्या आणि पाती, टोकं, कुऱ्हाडी घडवायच्या. मोबाईलवर पाहून शिकलेली ही कला अंगणात अनवाणी गेलेल्या प्रत्येकाच्या तळपायाला ठाऊक आहे.

नातीच्या बारशाआधी बायकोनं, प्रमिलाबाईंनी, त्यांना बजावलं, "आता घरातलं काही फुटलं, तर तुमचे सारे गोटे विहिरीत."

नेमका बारशाच्या सकाळीच वरवंटा फुटला. गारगोटी फोडायला त्याच्यासारखा हातोडा नाही, हे हेमराजभाऊंचं ठाम मत. वरवंट्याचे दोन तुकडे झाले. गारगोटीला ओरखडाही नाही.

एरवी हे खपलं असतं, कारण चटणी मिक्सरमध्येच होते. पण बारशाला बाळाआधी वरवंट्यालाच झबलं-टोपडं घालून पाळण्याखालून फिरवतात. तोच गोप्या. फुटका गोप्या चालत नाही. शेजारीपाजारी मागावा, तर घरोघरी मिक्सर.

शेवटी हेमराजभाऊंनी आपली सर्वांत देखणी दगडी कुऱ्हाड काढली, तिला झबलं चढवलं, टोपड्याची नाडी आवळली आणि कुंकू लावून पाळण्याजवळ ठेवली.

प्रमिलाबाईंनी पाळण्याखालून गोप्या पलीकडे दिला. तो घेणाऱ्या, रोहणा गावाहून आलेल्या विहीणबाई सुलोचनाबाई थबकल्या.

"इहीनबाई, तुमचा गोप्या टोचून राह्यला."

"दात येत असतीन," हेमराजभाऊ दारातून म्हणाले.

"नाव ठेवाच्या पयले?"

"आमच्या घरी लवकरच येतात."

बाळंतीण लेक प्रेरणा टोपड्याकडे पाहत म्हणाली, "बाबा, याचं नाक तुमच्यावर गेलं."

प्रमिलाबाईंनी टोपडं किंचित उचललं, आत पाहिलं आणि हसून परत झाकलं. ते हसू हेमराजभाऊंच्या ओळखीचं होतं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, पाहुणे गेले.

"वरवंटा कोठी हाय?"

हेमराजभाऊंनी चादरींच्या गठ्ठ्यातून दोन्ही तुकडे काढून दिले.

"पोतं आना. गोटे भरा."

"हा नाई टाकता येत," गोप्याला पोटाशी धरून ते म्हणाले. "पाळण्याखालून गेला, कुंकू लागलं. आता नातीचा भाऊ झाला हा. अन् बाकीचे याचे नातलग."

प्रमिलाबाईंनी हातातले दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. त्या म्हणाल्या, "मंग मले नवा वरवंटा घडवून द्या. तो होईपर्यंत गोटे राहू द्या. मंग पाहू."

तेव्हापासून हेमराजभाऊ रोज दुपारी एक काळा दगड टोचून टोचून घडवत बसतात. नात आता बसायला लागली. वरवंटा जवळजवळ गोल झाला आहे. फक्त एका बाजूला त्याचं पोट सुटलेलं आहे, आणि ते उतरवायची हेमराजभाऊंना अजिबात घाई नाही.