दर तिसऱ्या मंगळवारचा कॅमेरा

दुकानात आलेला माणूस कॅमेरा हातात मिळाला की आधी डोळ्याला लावतो. हे काका लावायचे नाहीत. हे तो तळहातावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि हात जरासा वरखाली करायचे, भाजीवालीकडं मेथीची जुडी अजमावतात तसा. मग डोळे उघडून म्हणायचे, "हलका आहे. पण समोरच्याला कळायला नको हो, भाऊ."

मी नाशकात एम. जी. रोडवर, पहिल्या मजल्यावरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरला आहे. बावीस वर्षं झाली. माझा स्वभाव चिडका आहे, हे आमचे शेठ मान्य करतात आणि माझी बायको तर लेखी देईल. गिऱ्हाईक काय काय विचारतं ते मला पाठ आहे. मेगापिक्सेल किती, व्हिडिओ कसा, बॅग फुकट देता का. कॅमेरा समोरच्याला कळायला नको, ही मागणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, म्हातारा कुणाच्या तरी मागावर आहे.

तसं काही नव्हतं. चांदवडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, पासपोर्ट, सगळं करायचे, पण आजूबाजूच्या गावांत नाव होतं ते म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंसाठी. आईवडील सत्तरीपुढं गेले की मुलं त्यांना घेऊन यायची आणि म्हणायची, "एक चांगला काढून ठेवा." कशासाठी ठेवायचा ते सगळ्यांना ठाऊक असायचं. म्हाताऱ्यांनाही. एक आजी म्हणे खुर्चीत बसता बसता म्हणाली, "काढ बाबा, पण लावायची घाई नको करू." ही गोष्ट त्यांनी मला चार वेळा तरी सांगितली असेल आणि चारही वेळा मी हसलो.

त्यांची एक युक्ती होती. मोठा कॅमेरा स्टँडवर लावायचा. तो बघितला की माणूस ताठ होतं, पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारखं बसतं. बसू द्यायचं. बटण दाबायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "झालं, बसा निवांत." मग माणूस श्वास सोडतं, टोपी सारखी करतं, सुनेकडं बघतं. तेवढ्यात हातातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यानं खरा फोटो काढायचा. स्टँडवरच्या मोठ्या कॅमेऱ्यात पुष्कळदा कार्डच नसायचं. पण तो दुसराही होता भला जड आणि त्यांचा उजवा खांदा आता धरला होता. "उचलेपर्यंत चेहरा मिटून जातो," ते म्हणायचे. म्हणून त्यांना हवा होता हलका, आतला आरसा काढून टाकलेला, मिररलेस म्हणतात तो.

पहिल्याच दिवशी त्यांनी ती युक्ती माझ्यावर चालवली. "बसा बरं त्या स्टुलावर." मी कुरकुरत बसलो, पोट आत घेतलं, हसलो. "झालं," ते म्हणाले. मी पोट सोडलं. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. हनुवटी हातावर टेकून, चष्मा घसरलेला, एक माणूस रस्त्याकडं बघत बसला होता. दमलेला, पण वाईट नव्हे. पन्नास वर्षांत मी या माणसाला कधी भेटलो नव्हतो. शेठनं आतून दोनदा हाक मारली ती मला ऐकू आली नाही.

त्यानंतर ते दर तिसऱ्या मंगळवारी यायला लागले. दुपारी तीनच्या सुमारास. त्या वेळी आमच्या दुकानाला झोप येते. रस्त्यावरचा आवाज काचेच्या पलीकडं राहतो, ऊन तिरपं होऊन कपाटातल्या लेन्सवर पडतं आणि छताला जांभळे-हिरवे ठिपके उमटतात. कुणी दार उघडलं की ते ठिपके हळूच हलतात. बावीस वर्षांत मी ते पाहिले नव्हते. काका मान वर करून पाहत बसायचे, म्हणून मीही पाहायला लागलो. अशा दुपारी कॅमेरा हातात देऊन मी खुर्चीत टेकलो की अर्धा तास कुठं जायचा कळायचं नाही. तुम्हीही बघितली असतील अशी माणसं. ती आली की घड्याळाकडं लक्ष जात नाही आणि गेली की आपण एवढा वेळ कुठं होतो असं वाटतं.

मंगळवारच का, ते चौथ्या खेपेला कळलं.

"आमच्या घरी बरं नाही," ते म्हणाले. मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यात बायकोला दर तिसऱ्या मंगळवारी सलाईन लावायचं. मोठा आजार. संध्याकाळी इंदिरानगरला लेकीकडं मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी चांदवडला परत. सलाईन चालू असताना ती त्यांना तिथं बसू देत नसे. "जा, कॅमेरा बघून या," म्हणे.

आणि कॅमेरा स्टुडिओसाठी नव्हताच. खांदा खराच दुखत होता, पण कॅमेरा तिच्यासाठी होता.

"चाळीस वर्षं तिनं माझ्याबरोबर स्टुडिओ चालवला, भाऊ. म्हाताऱ्यांचे केस विंचरायचे, पदर सारखा करायचा, चहा द्यायचा. हजार फोटोंत तिचा हात आहे कडेला. तिचा एकटीचा एकही नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "तिच्यावर माझी युक्ती चालत नाय. झालं म्हटलं की विचारते, आत कार्ड आहे का?"

आम्ही दोघं हसलो. पण पुढचं सांगताना ते छताकडं बघत होते. आजार कळल्यावर आठवडाभरानं ती ओट्यापाशी भाजी निवडत होती. खिडकीतून ऊन येत होतं. त्यांनी कॅमेरा उचलला. तिनं मान वर न करता विचारलं, "काढून ठेवताय का माझा?"

"हात आपोआप खाली आला," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात त्या शब्दाचा अर्थ एकच."

म्हणून त्यांना असा कॅमेरा हवा होता, जो कॅमेरा वाटणार नाही. काळा नको, आवाज नको, पुढं लाल दिवा नको. चहाच्या कपासारखा हातात राहील, आणि उचललाय हे तिला कळणारच नाही असा. मी मनावर घेतलं. चिडका असलो तरी माल मला कळतो. म्हटलं, पुढच्या खेपेला या माणसाला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही.

पुढच्या खेपेला त्या स्वतः आल्या. काकू. सलाईन लवकर उरकलं होतं. डोक्याला ओढणी बांधलेली, हात बारीक झालेले, पण डोळे असे, की दुकानात आल्या आल्या त्यांनी माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण पाहिलं. स्टुलावर बसल्या. काकांना औषधं आणायला खाली पाठवलं आणि त्यांचे पाय जिन्यावरून उतरल्याचा आवाज आल्यावर माझ्याकडं वळल्या.

"भाऊ, एक ऐकाल का? यांना कोणताच कॅमेरा पसंत पडू देऊ नका."

"का हो, काकू?" मी विचारलं.

"दवाखान्यात समोर बसले की हे माझ्याकडं बघतात, त्या म्हाताऱ्यांकडं बघायचे तसं. मला लय भीती वाटते. म्हणून मीच पिटाळते इकडं. इथून आले की दोन दिवस तोंडात कॅमेराच असतो. हा असा, तो तसा. मला बरं वाटतं ऐकायला. घेतला की मला उजेडात बसवतील. एकदा काढून ठेवला की मग राहिलं काय माझं?" त्यांनी पदरानं काउंटरवरची धूळ पुसली. आमच्या दुकानाची, स्वतःच्या पदरानं. "राहू द्या त्यांना शोधत. तोवर मी हाय."

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? माल विकणं एवढंच एक काम मला येतं. पण मी हो म्हटलं.

तेव्हापासून माझ्याइतका खोटारडा सेल्समन नाशकात नसेल. याची बॅटरी लवकर बसते, काका. याची पकड घामानं सुटते. याचं झाकण बघा किती नाजूक. चांगल्या चांगल्या कॅमेऱ्यांना मी अशी नावं ठेवली, की एकदा शेठ मागं येऊन उभे राहिले आणि काका गेल्यावर म्हणाले, "तू समोरच्या दुकानाचा पगार घेतोस का रे?" मी सांगितलं, गिऱ्हाईक चिकित्सक आहे. शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक नाही, तू आहेस."

पण मला चैन नव्हतं. होळकर पुलावरून स्कूटर नेताना नदीवर धुकं असलं की मनात तेच यायचं. काकू मध्येच गेल्या तर? या माणसाकडं बायकोचा एक फोटो नसेल आणि त्याला कारण मी असेन. काकूंचंही खरं होतं आणि काकांचंही. मला दोघांचाही राग यायचा, त्याहून जास्त स्वतःचा.

एका मंगळवारी ते आले ते गप्पच. या कॅमेऱ्यांत माणसाचा डोळा आपोआप ओळखला जातो आणि स्क्रीनवर त्या डोळ्याभोवती हिरवी चौकट येते, हे मी त्यांना दाखवलं होतं. त्याचंच त्यांना स्वप्न पडलं होतं. "नुसती ती हिरवी चौकट हो. घरभर फिरत होती. ओट्यापाशी गेली, गच्चीत गेली, स्टुडिओतल्या खुर्चीवर जाऊन आली. तिला डोळा सापडेना."

मला राहवलं नाही. मी मागच्या कपाटातून एक कॅमेरा काढला. मुद्दाम लपवून ठेवलेला. राखाडी, छोटा, पुढं चपटी लेन्स, आवाज पूर्ण बंद होणारा. काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "काका, हा घ्या. यात खोट नाही."

त्यांनी तो तळहातावर ठेवला, डोळे मिटले. कितीतरी वेळ तसेच उभे होते. ठिपके छतावरून भिंतीवर उतरले. मग डोळे उघडून म्हणाले, "पट्टा कसा आहे याचा?"

"पट्टा बदलून देतो."

"हं." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "कडा जरा टोचते."

कडा टोचत नव्हती. तो कॅमेरा मी शंभर वेळा हातात घेतला होता. त्यांनी तो अलगद खाली ठेवला, माझ्याकडं बघून थोडं हसले आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू." तेव्हा मला समजलं, की काकूंनी मला काय सांगितलंय ते यांना ठाऊक आहे, किंवा न सांगताही त्यांचंही तेच मागणं आहे. त्यानंतर काउंटरच्या अलीकडून मी आणि पलीकडून ते, दोघं मिळून चांगल्या कॅमेऱ्यांत खोट काढत राहिलो. दिवाळी झाली, द्राक्षं आली, गेली, ऊन तापलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या त्या.

मग एका मंगळवारी ते आले नाहीत. नंतरचाही गेला.

मी समजायचं ते समजलो. त्यांचा नंबर माझ्याकडं होता. पण फोन करून काय विचारणार होतो? स्टुलावर कुणी बसलं की उगाच खेकसायचो. राखाडी कॅमेरा एका पोरीला आवडला, तर तो दुरुस्तीला जायचाय म्हणून सांगितलं.

त्यानंतर महिन्याभरानं दार उघडलं आणि काकू आत आल्या, लेकीचा हात धरून. डोक्याला ओढणी नव्हती. बोटभर केस आले होते, पांढरे. मी त्यांच्या मागं दाराकडं बघितलं.

"नाहीत आले ते," काकू म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या. "हे गेले, भाऊ. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत."

मी काउंटर धरून उभा राहिलो. माझं सगळं लक्ष एका दाराकडं होतं आणि माणूस दुसऱ्याच दारानं निघून गेला होता. काकू खाली बघत होत्या. "माझं बरं निघालं. आता सहा महिन्यांनी दाखवायला या म्हणाले डॉक्टर," त्यांनी सांगितलं, चोरी कबूल करावी तशा आवाजात.

घरी लावायला काकांचा फोटो नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून लावला होता.

"कोणता घेणार होते ते?" त्यांनी विचारलं. मी राखाडी कॅमेरा काढून दाखवला. त्यांनी हातात घेतला, जरा वेळ धरला आणि माझ्याकडं परत दिला. "काढा माझा."

"काकू..."

"काढा. त्यांना पाहिजे होता."

त्यांनी पदर स्वतःच सारखा केला आणि सरळ माझ्याकडं बघितलं. मी कॅमेरा उचलला. मला नीट दिसत नव्हतं, पण कॅमेऱ्याला दिसत होतं. मी बटण दाबलं.

"केवढा छापू?"

लेकीनं पिशवीतून दोऱ्याचा तुकडा काढून दिला, फ्रेमच्या मापाचा. काकू म्हणाल्या, "यांची फ्रेम मागून उघडायची आणि यांच्या फोटोच्या पाठीला लावून आत घालायचा. तोंड त्यांच्याकडं करून. भिंतीवरून कुणाला दिसायला नको."

मागच्या मशीनवर छापला आणि मापानं कडा कापल्या. काकूंनी तो उलटाच हातात घेतला. "बघा तरी," मी म्हटलं. "मी काय करू बघून," त्या म्हणाल्या. लेकीनं हात पुढं केला, तर तिलाही दिला नाही. रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

"तुमच्या कॅमेऱ्यात राहिला असेल ना तो?"

"आहे."

"पुसून टाका. तेवढा एकच असू द्या."

मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवणार होतो, त्यांनी हातानंच नको म्हटलं. नक्की पुसायचा का, असं कॅमेऱ्यानं विचारलं. मी काकूंकडं बघितलं. त्यांनी मान डोलावली. मी हो केलं.