थिजलेल्या पडद्यासमोर रुक्सांद्राबाई

हे विश्वंभरा, अथांग सागराला किनाऱ्याची मर्यादा घालणाऱ्या नारायणा, तुझ्या नजरेतून धुक्यातले एक गलबतही सुटत नाही! तुझ्या चरणी मस्तक ठेवतो, आणि मगच काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्तान्त्सा बंदरातील रुक्सांद्रा बेल्चुग या बाईंचे नाव उच्चारतो.

बंदराच्या मनोऱ्यातील पडद्यांवर जहाजांच्या हालचाली दिसतात. संगणकाचे चित्र त्या पडद्यांपर्यंत नेणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, बाई लिहीत. आणि त्याच पडद्यांसमोर त्यांचे यजमान कोस्तिन बसत. जहाजांना वाट दाखवणारा पती, आणि पतीला जहाजे दाखवणारी पत्नी!

कोणता पडदा कोणत्या तारेला जोडला आहे, याची एक यादी आज्ञावलीत असे. एक काम ती यादी वाचत असताना दुसऱ्याने तिच्यातली ओळ पुसली, की सारे कोसळे. म्हणून बाईंनी यादीला कुलूप घातले: एका वेळी एकानेच हात लावावा. चित्राला वेगळे कुलूप आधीपासून होतेच. चाचणीच्या वेळी तपासणाऱ्या आज्ञावलीकडून इशारा आला, ‘दोन कुलुपे उलटसुलट क्रमाने लागत आहेत.’

“याला रोजच काहीतरी दिसतं,” म्हणून बाईंनी तो इशारा बंद केला. एके सकाळी नवी आज्ञावली मनोऱ्यातील पूर्वेकडच्या मेजावर चढली.

दुपारी धुके उतरले. दोनला पंधरा मिनिटे असताना कचेरीतले सहकारी सेवेर म्हणाले, “रुक्सांद्रा, हा इशारा तू गप्प केलास? जरा बघ. तार जोडणारा भाग यादीचं कुलूप धरून चित्राचं मागतो. पडदा जागा करणारा भाग चित्राचं धरून यादीचं मागतो. दोघं एकदम आले तर?”

“तर दोघंही अडून बसतील,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिले. दोन वाजता पाळी बदलते. येणारे म्हातारे पानाइतकाका डोळ्यांनी अधू. आल्याआल्या ते आपला मोठा पडदा पूर्वेच्या मेजाला जोडत. तार जोडणे आणि पडदा जागा करणे, दोन्ही एकाच क्षणी! पडदा काळा झाला तर माणूस सावध होतो. पडदा थिजला तर माणूस जुन्या चित्रावर विश्वास ठेवतो. आणि बाहेर तेलवाहू जहाज आत येत होते.

मनोऱ्याचा फोन धुक्यात बाहेरच्यांसाठी बंद. आतल्यांचे भ्रमणध्वनी दाराशी पत्र्याच्या पेटीत. बाई धावल्या. गोदी ओलांडली, जिन्याला लागल्या. छाती फुटायला आली, ओठ प्रार्थना पुटपुटत होते, आणि प्रत्येक पायरीवर एकच विचार होता: मीच कुलूप घातले, मीच इशारा झाकला!

दार ढकलले, तर पानाइतकाका तारेवरून हात काढीत होते.

“अगं पोरी, भूत पाहिलंस की काय? नवऱ्याचा डबा द्यायला एवढं पळायचं?”

“काका, तार लावली?”

“लावली की! बघ, कसं छान दिसतंय.”

चित्र खरोखर छान होते. जहाज वाटेच्या मधोमध. बाईंची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. सेकंदांचा आकडा सात. सातच. पुन्हा पाहिले, सातच.

“कोस्तिन! हे खोटं आहे! पडदा थिजलाय. पश्चिमेच्या मेजावर बघ, तिथं जुनीच आज्ञावली आहे!”

कोस्तिन एका उडीत पलीकडे गेले. तिथल्या पडद्यावर जहाज लाटांना अडवणाऱ्या दगडी बांधाकडे सरकले होते. “जहाज थांबवा! इंजिन उलटं फिरवा!” कानावरच्या यंत्रात ते ओरडले. मग उत्तराची वाट. काकांनी छातीवर उजवीकडून डावीकडे क्रूसाची खूण केली.

“थांबलो,” धुक्यातून आवाज आला.

जहाज धक्क्याला लागले, तेव्हा कुठे पाळी बदलली. काकांनी नोंदवहीला हात घातला, तशी कोस्तिन यांनी ती छातीशी धरली. “काका, आधी कानाचं यंत्र, मग वही.”

“घाबरून विसरलो रे. पूर्वी एक जण वही धरून बसायचा, दुसरा यंत्र. दोघंही म्हणायचे, आधी तुझं दे! म्हणून हा नियम. कोणीही येवो, क्रम तोच.”

बाईंनी डोळे मिटले. कोणीही येवो, क्रम तोच! त्यांनी जुनी आज्ञावली परत चढवली, खाली येऊन सेवेरना स्पष्ट सांगितले, “चूक माझी. इशारा मी झाकला,” आणि तो पुन्हा बोलता केला. मग आधी चित्राचे कुलूप, नंतर यादीचे, हा एकच क्रम प्रत्येक वाटेला लावला. तार चारशे वेळा काढली, चारशे वेळा लावली. इशारा आला नाही, तरी बाईंनी प्रत्येक वाट पुन्हा एकदा तपासली.

आजही बाई पडद्यावरच्या घड्याळाचे सेकंद आधी पाहतात, मग चित्र.

हे दयाघना, त्या माऊलीच्या मनातले भय तिला जागे ठेवण्यापुरतेच उरो. कोस्तिन रोज सुखरूप जिना उतरोत, त्यांच्या घरातल्या पवित्र चित्रापुढचा दिवा तेवत राहो, आणि बेल्चुगांच्या चुलीवरचे अन्न कधी कोणाची वाट पाहत गार न होवो!